कोकणात गाडी बिघडली, एक्स्टेंडेड वॉरंटी चालू आहे: क्लेम कसा करायचा

एक्स्टेंडेड वॉरंटीचा क्लेम अडतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर. भाग आपणहून बिघडला, की बाहेरच्या कशाने तरी? आपणहून बिघडला असेल तर खर्च कंपनीचा, बाहेरच्या कारणाने बिघडला असेल तर आपला. किनारपट्टीवर या प्रश्नाला जास्त धार येते. खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, उंदीर, घाट आणि तांबडी माती ही कारणं बॉनेट उघडायच्या आधीच हजर असतात, आणि खरा दोष भागाचा असला तरी त्यांच्यावर बोट ठेवणं सोपं जातं. म्हणून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही गाडी वापरत असाल, तर क्लेमची सगळी तयारी बिघाडाच्या कारणाभोवती करा. फोटो, जॉबकार्डवरचं (गाडी देताना वर्कशॉप तक्रार नोंदवतं त्या कागदावरचं) वाक्य, स्कॅनरचा (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, सर्व्हिसची बिलं, सगळं त्या एका प्रश्नाला उत्तर देण्यासाठी आहे.

आधी करार वाचा, गाडी चालू असतानाच

पहिली गोष्ट बघायची ती वॉरंटी कोण देतंय. गाडी बनवणारी कंपनी स्वतः देते तेव्हा मंजुरी तिच्याच यंत्रणेतून येते आणि देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये क्लेम चालतो. शोरूमने एखाद्या तिसऱ्या कंपनीची योजना विकली असेल, तर मंजुरी देणारा माणूस वेगळा, नियम वेगळे, आणि प्रत्येक क्लेमला किंवा एकूण रकमेला कमाल मर्यादा असण्याची शक्यता मोठी. पावतीवर शोरूमचं नाव असतं, पण जबाबदारी कोणाची हे करारातच कळतं.

दुसरी गोष्ट, यादी कोणत्या प्रकारची आहे. काही करारांत ‘हे भाग समाविष्ट’ अशी यादी असते, काहींत ‘हे भाग वगळून बाकी सगळे’ अशी. फरक फार मोठा आहे. पहिल्या प्रकारात ज्या भागाचं नाव नाही तो मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात नाव नसणं तुमच्या बाजूने असतं. यादीचा प्रकार माहीत नसताना काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नाही.

मुदत बहुतेक वेळा ‘वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी होईल ते’ अशी असते. दर शनिवार-रविवारी मुंबईहून गावी येणाऱ्या चाकरमान्याची गाडी पाच वर्षांच्या खूप आधी किलोमीटरची मर्यादा ओलांडते. मर्यादा १,००,००० किलोमीटर असेल तर ९५,००० च्या आसपास गाडी एकदा नीट तपासून घ्या. हलका आवाज, ऑइलचा ओलावा, एसीचा कमी झालेला गारवा, जे काही असेल ते जॉबकार्डवर आणा. तक्रार मुदतीत नोंदलेली असेल तर भाग नंतर आला तरी तुमची बाजू भक्कम राहते. नुसतं तोंडी सांगितलेलं मुदतीनंतर कोणाला आठवत नाही.

गाडी सेकंडहँड घेतली असेल तर वॉरंटी आपोआप तुमच्या नावावर येत नाही. आरसी नावावर झाल्यावर ठराविक दिवसांत अर्ज आणि फी भरून ती ट्रान्सफर करावी लागते. पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी सीझनला पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनीही करारातलं ‘व्यावसायिक वापर’ हे कलम वाचावं. त्या एका ओळीवर अख्खी वॉरंटी जाऊ शकते.

काय मिळतं, काय नाही

झिजणारे भाग आणि संपणारे पदार्थ जवळपास कुठेच मिळत नाहीत: ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब, टायर, बॅटरी, बेल्ट, रबरी होज, फिल्टर, ऑइल, कूलंट, एसीचा गॅस. मात्र समाविष्ट भाग बदलताना लागणारं ऑइल किंवा गॅस काही योजना देतात, काही देत नाहीत. एस्टिमेटमध्ये ही ओळ वेगळी विचारा.

खरी ओढाताण सीमेवरच्या भागांवर होते. क्लचचं उदाहरण घ्या. प्लेट झिजली तर खर्च तुमचा. पण हायड्रॉलिक रिलीज सिलिंडर गळून प्लेटवर फ्लुइड पडलं असेल, तर मूळ दोष सिलिंडरचा. तो यादीत असेल तर निदान तेवढा भाग आणि गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मागता येते. म्हणून ‘क्लच गेला’ एवढ्यावर मान डोलावू नका, उतरवल्यावर प्लेटचा आणि सिलिंडरचा फोटो मागा. टर्बोचंही तसंच. पिकअप कमी आणि स्कॅनरवर पी०२९९ (टर्बोचा दाब कमी असल्याचा कोड) आला की टर्बोच गेला असं नसतं. इंटरकूलरचा होज निसटला किंवा चिरला तरी हाच कोड येतो. तो रबरी भाग म्हणून तुमच्या खर्चाचा, पण खर्च टर्बोच्या मानाने अगदी किरकोळ. उलट टर्बोच्या शाफ्टला लूज असेल तर क्लेम टर्बोचा, आणि कंपनीचा पहिला प्रश्न ऑइल वेळेवर बदललं का हाच असणार.

गाडी बंद पडली त्या क्षणी

तापमानाचा लाल दिवा लागला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. कुंभार्ली किंवा आंबोली चढताना ‘वर पोचलो की बघू’ हा विचार सगळ्यात महाग पडतो. वॉटर पंप गळला तर तो वॉरंटीत बसतो. पण दिवा लागल्यावर पुढे चालवून हेड गॅस्केट उडालं, हेड वाकडं झालं, तर ते नुकसान चालकाच्या निष्काळजीपणाच्या खात्यात जातं. बऱ्याच गाड्यांत किती तापमानाला इंजिन किती वेळ चाललं याची नोंद कंट्रोल युनिटमध्ये राहते, त्यामुळे नुसत्या सांगण्याने काम भागत नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. विहिरीचं किंवा झऱ्याचं पाणी ओतावंच लागलं, तर किती ओतलं ते लक्षात ठेवा आणि वर्कशॉपमध्ये सांगा.

मग डॅशबोर्डचा फोटो काढा, दिवा आणि किलोमीटर दोन्ही दिसतील असा. आवाज येत असेल तर व्हिडिओ. खाली गळत असेल तर जमिनीवरच्या डागाचा फोटो. घाटात रेंज नसते, म्हणून रोडसाइड असिस्टन्सचा नंबर, चॅसिस नंबर आणि वॉरंटीचा नंबर कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

जवळचा मेकॅनिक मदतीला येईल, चांगल्या मनाने येईल. त्याला पंक्चर काढू द्या, फ्यूज बघू द्या, जंप स्टार्ट देऊ द्या. पण दोन गोष्टी करू देऊ नका. बॅटरीची टर्मिनल काढून दिवा घालवणं ही पहिली. बऱ्याच गाड्यांत त्याने कोड पुसला जातो, आणि कोडसोबत साठलेली फ्रीझ फ्रेमही, म्हणजे बिघाडाच्या क्षणी वेग, आरपीएम, तापमान किती होतं ती नोंद. तुमचा सर्वात चांगला पुरावा तोच असतो. दुसरी म्हणजे वायरमध्ये टेस्ट लॅम्पची सुई टोचणं. त्या भोकातून खारा दमट वारा आत जातो आणि काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं. पुढे तपासणीत ते भोक दिसलं की ‘बाहेरची छेडछाड’ हा शेरा ठरलेला.

टोचन करून न्यायची वेळ आली तर फ्लॅटबेड मागा, म्हणजे गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक. ऑटोमॅटिक गाडीची चालणारी चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढत नेली तर गिअरबॉक्सला नीट ऑइल न मिळता आतले भाग जळू शकतात, आणि ते नुकसान वॉरंटीत येत नाही. गुहागर, दापोली, देवगड, मालवणकडून गाडी चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळच्या वर्कशॉपला न्यायची असते. मोफत टोइंग किती किलोमीटरपर्यंत आहे आणि पुढच्या किलोमीटरला दर काय, हे फोनवरच विचारा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर बंद गाडी लादलेला फ्लॅटबेड घेतील हे गृहीत धरू नका. रस्त्याच्या लांब वळशाचा हिशेब आधी करा.

जॉबकार्ड: लक्षण लिहा, कारण लिहू नका

जॉबकार्डवरचं पहिलं वाक्य पुढे शेवटपर्यंत तुमच्यासोबत राहतं. ‘पाणी गेल्यामुळे गाडी बंद’ असं वर्कशॉपच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने लिहिलं आणि तुम्ही सही केली, तर कारण तुम्हीच मान्य केलंत. तिथे लक्षण यायला हवं: ‘थंड इंजिन सुरू होतं, १५ मिनिटांनी पिकअप जातो, इंजिनचा दिवा लागतो, एसी बंद केल्यावर फरक पडत नाही.’ कधी, किती वेगाला, चढावर की सपाटीवर, पावसात की कोरड्यात. याचा अर्थ खरी गोष्ट लपवायची असा नाही. गाडी पाण्यातून गेली असेल तर विचारल्यावर तसं सांगा. निदान करणं मात्र वर्कशॉपचं काम, ते तुमच्या तोंडून होऊ देऊ नका.

तारीख, किलोमीटर, इंधनाची पातळी, अंगावरचे ओरखडे, आतलं सामान नोंदवून घ्या, आणि ‘एक्स्टेंडेड वॉरंटी क्लेम’ हे शब्द कार्डावर लिहून घ्या. हे शब्द नसतील तर काम पेड म्हणून उघडलं जातं, आणि एकदा भाग बदलला की मागाहून मंजुरी मिळवणं जवळपास अशक्य. कार्डाची प्रत घेतल्याशिवाय चावी सोडू नका.

तपासणी आणि मंजुरी

स्कॅनर लावला की कोड पुसायच्या आधीचा रिपोर्ट मागा, छापील किंवा मोबाइलवर. त्यानंतर ॲडव्हायझर फोटो, कोड, सर्व्हिसचा इतिहास आणि एस्टिमेट मंजुरीसाठी पाठवतो. इथे एक सही काळजीपूर्वक करायची असते. भाग उघडून बघायला लागणार असेल तर ‘क्लेम नाकारला गेल्यास उघडण्याची मजुरी ग्राहक देईल’ असं संमतिपत्र पुढे येतं. ते चुकीचं नाही, पण रक्कम रिकामी सोडू नका. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी काही हजारांत जाते, त्यामुळे आकडा लिहून घ्या आणि त्याच्यावर १८ टक्के जीएसटी धरा. शक्य असेल तर भाग उघडताना हजर राहा, किंवा त्या वेळचे फोटो पाठवायला सांगा.

सर्व्हिसचा इतिहास अधिकृत वर्कशॉपच्या सिस्टिममध्ये दिसतोच, तरी बिलं स्वतःजवळ ठेवा. एखादी सर्व्हिस थोडी उशिरा झाली असेल तर करारात किती दिवसांची किंवा किलोमीटरची सवलत आहे ते बघा. आणि ती सर्व्हिस चुकल्याचा बिघडलेल्या भागाशी संबंध काय, हे लेखी विचारा. पॉवर विंडोच्या मोटारीचा आणि उशिरा बदललेल्या इंजिन ऑइलचा काही संबंध नाही. करारातली अट कडक असली तरी हा प्रश्न वरच्या पातळीवर पुष्कळदा उपयोगी पडतो.

इथे हमखास येणारी कारणं

*गंज.* बाहेरचा गंज वॉरंटीत नसतो. ब्रेक डिस्कवरची रात्रीत येणारी तांबूस झाक तर बिघाडच नव्हे. पण इलेक्ट्रिक कनेक्टरच्या आत पांढरी किंवा हिरवी पूड दिसली, तर त्याचं रबरी सील बघायला सांगा. वायर कुठे टोचलेली नाही, सील जागेवर आहे, बाहेरून ॲक्सेसरी जोडलेली नाही, तरी आत ओल गेली, तर प्रश्न कनेक्टरच्या घडणीचा आहे. एसीतही हीच बारीक नजर हवी. कंडेन्सर पुढे असतो, त्याला हायवेची खडी लागते आणि खारं वारंही. अल्ट्राव्हायोलेट डाय टाकून गळती नेमकी कुठे आहे ते दाखवायला सांगा. पाकळ्या दबून मध्येच भोक असेल तर दगड, कडेच्या जोडावर गळत असेल तर जोडाचा दोष. इव्हॅपोरेटर डॅशबोर्डच्या आत असतो, त्याला दगड लागत नाही. तो बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी भागाइतकीच भारी पडते, म्हणून हा क्लेम सोडू नका.

*पाणी शिरलं.* पूर आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी. पुराचं पाणी मागे तांबड्या गाळाची रेघ ठेवतं, सीटच्या रुळांवर, कार्पेटच्या खाली, सगळीकडे एका उंचीवर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात बुडालेल्या गाड्यांसारखं नुकसान विम्याचं, वॉरंटीचं नव्हे. इंजिनात पाणी ओढलं गेलं तर विम्यातही इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन आहे का ते बघावं लागतं. गळती मात्र एका कोपऱ्यात, स्वच्छ पाण्याची आणि पावसागणिक पुन्हा होणारी असते. बंद गाडीवर पाइपने पाणी मारून ती शोधता येते. ग्रोमेट (वायर जाते त्या भोकातली रबरी कडी) किंवा सील मुळातच नीट बसलेलं नसेल तर दोष गाडीचा. काचेखालच्या जाळीतली वाट आंब्या-फणसाच्या पाल्याने बुजली असेल तर मात्र ती साफ ठेवणं आपलं काम. मे महिन्यात एकदा आणि पावसात दर पंधरा दिवसांनी तो पाला हाताने काढा.

*उंदीर.* पावसात उंदरांना गरम, कोरडं इंजिन फार आवडतं. कुरतडलेली वायर वॉरंटीत येत नाही. काही विमा पॉलिसींत ती बसते, पण दुरुस्तीच्या आधी कळवावं लागतं. तरीही प्रत्येक तुटलेली वायर उंदराची नसते. दाताने तुटलेल्या आवरणाची कड दातेरी, तुकडे पडलेले, आसपास लेंड्या. क्लिप सुटून लोखंडाला घासलेल्या वायरचं आवरण एका बाजूने गुळगुळीत झिजतं आणि आतलं तांबं चकाकतं. दुसऱ्या प्रकारचा फोटो असेल तर तो मंजुरीसाठी पाठवायला लावा.

*खराब इंधन.* डिझेल इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप गेला की हे कारण पुढे येतं, आणि रकमा मोठ्या असतात. टाकीतलं आणि फिल्टरमधलं इंधन तुमच्यासमोर दोन पारदर्शक बाटल्यांत काढायला सांगा, दोन्ही सील करा, एक स्वतःकडे ठेवा. पाणी असेल तर काही वेळात तळाशी थर दिसतो. थर दिसला तर इंधनाच्या पावत्या कामाला येतात, आणि मग तक्रार पंपाकडे वळते. म्हणून पावत्या टाकून देऊ नका.

*वाळूत नेलेली गाडी.* मुरुड-कर्देच्या किनाऱ्यावर टायर रुतलेली गाडी भरतीच्या आधी ओढून काढली, तरी चेसिसच्या खाचांत खारी वाळू राहते. व्हील बेअरिंग, अल्टरनेटर यांचा क्लेम अशा वाळूमुळे हकनाक जातो. किनाऱ्यावर गाडी नेऊच नये. पण नेली गेली असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा.

भागाची वाट आणि गाडी ताब्यात घेणं

मंजुरीनंतर भाग यायला वेळ लागतो, गणपतीच्या आधी-नंतर तर वर्कशॉपही भरलेले असतात. मंजुरीचा नंबर आणि भागाच्या ऑर्डरचा नंबर मागून घ्या, त्याशिवाय पाठपुरावा करता येत नाही. गाडी चालण्याजोगी असेल तर ताब्यात घ्या, पण जॉबकार्ड बंद न करता ‘भाग प्रतीक्षेत’ असं लिहून घ्या.

गाडी घेताना शून्य रकमेचं असलं तरी बिल घ्याच. त्यावर भागाचा नंबर आणि वॉरंटीत बदलल्याची नोंद हवी, तोच भाग पुन्हा गेला तर तीच उपयोगी पडते. काढलेला भाग वॉरंटीत कंपनीकडे परत जातो. तुम्ही पैसे भरले असतील तर जुना भाग मागून घ्या. बिघाड ज्या परिस्थितीत यायचा त्याच परिस्थितीत चालवून बघा. चढावर येणारा आवाज वर्कशॉपच्या आवारात कळत नाही.

नकार आला तर

तोंडी नकार मान्य करू नका. सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला एकच ईमेल करा:

‘माझ्या वाहनाचा (नोंदणी क्रमांक, चॅसिस क्रमांक) दिनांक … रोजीचा जॉबकार्ड क्र. … अन्वये केलेला एक्स्टेंडेड वॉरंटी क्लेम नाकारल्याचे तोंडी कळवण्यात आले. नकाराचे कारण, कराराचे नेमके कलम, तपासणी अहवाल, स्कॅन रिपोर्ट व फोटो सात दिवसांत लेखी द्यावेत. तोपर्यंत बिघडलेला भाग नष्ट करू नये व स्वच्छ करू नये.’

शेवटचं वाक्य गाळू नका. लेखी कारण आलं की पुष्कळदा ते ‘गंज’ वरून ‘आणखी तपासणी आवश्यक’ वर येतं, कारण सही करणाऱ्याला फोटोसमोर उभं राहावं लागतं.

तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. रायगडचा अलिबागला, रत्नागिरीचा रत्नागिरीत, सिंधुदुर्गचा ओरोसला सिंधुदुर्गनगरीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथे तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय कितीही लांब असलं तरी. मुदत, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. आयोग कोणता आणि फी किती, हे तुम्ही भरलेल्या मोबदल्यावर ठरतं: ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००, २० ते ५० लाखांना १,०००. तक्रार ऑनलाइनही दाखल होते आणि वकील सक्तीचा नाही. वॉरंटी देणारी कंपनी आणि वर्कशॉप, दोघांनाही सामनेवाले करा, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवलं जातं.

निकालापर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये सोडू नका. जागेचं भाडं आकारल्याची नोटीस येऊ शकते, आणि पावसात उभी गाडी आणखी बिघडते. स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असेल तर आधी तसं लेखी कळवा, त्रयस्थ ऑटोमोबाइल अभियंत्याकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून फोटोंसह अहवाल घ्या, आणि मगच भाग बदला. आयोग गरज पडल्यास भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. म्हणून काढलेला भाग पुसू नका, धुऊ नका. आतलं ऑइल निथळू न देता प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, वर जॉबकार्डचा नंबर आणि तारीख लिहा, आणि घरात कोरड्या जागी ठेवा. पडवीत ठेवलात तर एका पावसाळ्यात त्याच्यावर नवा गंज चढेल आणि जुना कोणता, नवा कोणता हे सांगता येणार नाही.